चार मिनिटं रुमालाखाली

ऐक मुग्धे, आधी नुसतं ऐक. मधे बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि ती कोथिंबीर ठेव तिकडं, नंतर निवडू. तू मघाशी त्या भाजीवाल्या मावशींसमोर म्हणालीस ना, पद्मीला वीस रुपयांच्या जुडीसाठी दहा मिनिटं हुज्जत घालायची खोड आहे म्हणून? आहे खोड, अलीकडंच लागलेली. मी कुणाचा पहिला आकडा घेत नाही, शेवटचा म्हणून सांगितलेला तर मुळीच घेत नाही. त्याला कारण आहे. सहा वर्षं झाली, कुणाला सांगितलेलं नाही.

तर बघ. कोर्टाच्या इमारतीतली पहिल्या मजल्यावरची खोली. सकाळचे साडेअकरा. सनमायकाचं टेबल, प्लास्टिकचा जग, वर करकरणारा पंखा. टेबलाच्या एका बाजूला आमचे आप्पा आणि मी, दुसऱ्या बाजूला गुरूकाका आणि रेवण. मधे हेरवाडकर मॅडम, त्या मध्यस्थ.

"त्याच्या हाताला मी हात लावणार नाही," आप्पा म्हणाले.

"लावून घेतंय कोण?" गुरूकाका म्हणाले. आप्पांना नाही, पंख्याला. चौदा महिने ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. काही सांगायचंच झालं तर पंख्याला सांगायचे, नाहीतर मॅडमना.

हे दोघं कोण, तर अक्किवाटे आणि तेरदाळे, हळदीची अडत, सांगली. भूपाल अक्किवाटे म्हणजे माझे आप्पा आणि गुरुपाद तेरदाळे म्हणजे गुरूकाका. बत्तीस वर्षांची भागीदारी. आमच्यात कांदालसूण नाही, त्यांच्या गळ्यात लिंग, पण दुकानात डबा एकच उघडायचा. गुरूकाकांसाठी आई शेंगदाण्याची चटणी लसणाशिवाय करायची आणि ते रोज म्हणायचे, "वहिनी, चटणी झकास, फक्त लसूण विसरलात." रोज! बत्तीस वर्षं तोच विनोद, आणि आप्पा रोज हसायचे.

मग मोडलं कशावरून? पेवावरून. हरिपुरात जमिनीखाली हळद साठवायचे खड्डे असतात ना, त्यांना पेव म्हणतात, ओल लागू नये म्हणून आतून उसाचं पाचट घालतात. त्या वर्षी भाव चढत होता. गुरूकाका म्हणाले, नदी वाढलीय, पेव उघडू. आप्पा म्हणाले, आठ दिवस थांबू. थांबले. खाली पाणी पाझरलं आणि पेव उघडलं तेव्हा हळद काळी पडलेली. आता माल काय, परत भरता येतो. पण भर पेठेत, चार अडते उभे असताना गुरूकाका बोलले, "भूपाल, तुझ्या हावेनं माल कुजला." आणि आप्पा बोलले, "पेवात पाचट कुणी कमी घातलं ते आधी सांग." बास. दुसऱ्या आठवड्यात वकिलाची नोटीस, महिन्याभरात दावा, आणि कोर्टानं दुकानाला कुलूप लावलं. हळद निवडणाऱ्या अठरा बायका घरी बसल्या. त्यातली शेवंतामावशी आमच्या दारात यायची, काही मागायची नाही, नुसती विचारायची, "पद्माताई, कवा उघडतंय वं?"

आणि रेवण.

रेवणचं कसं सांगू. आम्ही हळदीच्या पोत्यांवर एकत्र वाढलो. तो गुरूकाकांचा एकुलता एक, मी आप्पांची एकुलती एक. लहानपणी दोघांच्या बापांनी आम्हाला रुमालाखालचा सौदा शिकवला होता. म्हणजे पूर्वी पेठेत भाव ओरडून सांगायचे नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसायचे, हातावर रुमाल टाकायचे आणि आत बोटांनी बोलायचे. एक बोट धरलं म्हणजे एक, दोन धरली म्हणजे दोन, पूर्ण मूठ म्हणजे पाच, मूठ दोनदा म्हणजे दहा. पटलं की समोरच्याच्या तळव्यावर अंगठा दाबायचा. तोंड बंद, डोळे वर. आता सगळं उघड लिलावानं चालतं, पण आमच्या दुकानात ते दोघं गूळखोबरं पैजेवर लावून आम्हाला बसवायचे. हरला तो खोबरं देणार.

मग मोठे झालो, कॉमर्सला एकाच वर्गात. मागच्या बाकावर, माझ्या ओढणीखाली, तो माझी बोटं धरायचा. तीन म्हणजे तास संपायला तीन मिनिटं. दोन. एक. कधीकधी घंटा झाली तरी एकच बोट धरून ठेवायचा. म्हणजे काय कळलं ना? अजून एक मिनिट. पोरं बाहेर पळायची आणि आम्ही दोघं वही शोधत बसायचो. तोंडानं दोघांपैकी कुणीच काही बोललेलं नव्हतं. गरजच नव्हती गं. सगळं व्हायचंच आहे, असं वाटायचं.

दावा लागला आणि ते संपलं. घरून सक्त ताकीद. मी रेवणला बघायची फक्त तारखेला. दोघं आपापल्या बापाच्या फायली धरून व्हरांड्याच्या दोन टोकांना उभे. चौदा महिन्यांत त्याचा हात सोड, सावली अंगावर पडली नव्हती. कोर्टाची तारीख कधी येते म्हणून वाट बघणारी सांगलीत मी एकटीच असेन.

शेवटी जज्जसाहेबांनी प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. हेरवाडकर मॅडम साठीच्या, केस पांढरे, पर्समधे आवळासुपारी. पहिल्याच बैठकीला दोन्ही वकिलांना म्हणाल्या, "तुम्ही खाली चहा घ्या, कायदा लागला की बोलावते." तीन बैठकांत त्यांनी निम्म्याहून जास्त सोडवलं. दुकान आणि पेढीचं नाव आमच्याकडे, हरिपूरची गोदामं विकून त्यांचा हिस्सा त्यांना. गुरूकाकांचा मेहुणा निजामाबादला हळदीतच होता, ते तिकडं जायला तयार होते.

अडलं फक्त एका गोष्टीवर. आप्पांना लेखी पाहिजे होतं की तेरदाळे अमुक इतकी वर्षं सांगलीत हळदीचा धंदा करणार नाहीत.

"उद्या समोरच्या गाळ्यात हा पाटी लावून बसला तर?" आप्पा म्हणाले. "निम्मे शेतकरी याच्या तोंडाकडं बघून येतात. मी काय नुसतं नाव चाटू?"

"अशी अट घालता येते," मॅडम म्हणाल्या, "पण मुदत वाजवी पाहिजे. किती वर्षं?"

"त्याला सांगा," गुरूकाका पंख्याला म्हणाले, "जितकी वर्षं धंदा बंद, तितकी वर्षं माझ्या घरातलं कुणी सांगलीत पाय पण ठेवणार नाही. बसवण्णाची शपथ. पण आकडा मी सांगणार नाही. मी सांगितला की तो दुप्पट करणार."

"आणि मी सांगितला की तो निम्मा करणार," आप्पा म्हणाले.

दोन तास. मुग्धे, दोन तास कुणी आकडाच बोलेना! मॅडमनी चिठ्ठ्या लिहून मागितल्या, दोघांनी कोऱ्या दिल्या. मग त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "माझे वडील गुळाचे अडते होते. हात पुढं करा दोघांनी. रुमालाखाली काय ते ठरवा."

आणि तिथं ते हाताचं झालं. मी लावणार नाही, मला लावून घ्यायचा नाही.

"मग तुमच्या तर्फे कोण बसेल?"

"पद्मा," आप्पा म्हणाले.

"रेवण," गुरूकाका म्हणाले.

दोघं एका श्वासात. चौदा महिन्यांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं आणि ते कशावर, बघ की!

मॅडमनी विचारलं, "ही मुलं जे ठरवतील ते मान्य?"

"रुमालाखालचा आकडा मोडायचा नसतो," आप्पा म्हणाले, आणि पलीकडं गुरूकाकांनी मान हलवली.

आप्पांनी मला बाहेर नेलं. पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं, कानाला लागले. "दहानं सुरू कर. तो एक-दोन म्हणेल. पाचाच्या खाली यायचं नाही. पाच म्हणजे पाच. हा माझा शेवटचा आकडा. कळलं?"

"कळलं."

"घसरायचं नाही पद्मे. मला माहितीय तुझं."

काय माहीत होतं त्यांना, देव जाणे. माझ्या डोक्यात फक्त हिशोब चाललेला. कमीत कमी पाच वर्षं. मी तेवीसची, म्हणजे अठ्ठावीस. रेवण एकोणतीस. पाचात आप्पांचा राग जाईल, काकांचा जाईल, पाच वर्षं काढता येतात. लोक शिकायला जातातच की तेवढी.

आत आलो. रुमाल कुणाचा वापरायचा, यावर परत दहा मिनिटं! आप्पांचं उपरणं काकांना चालेना, काकांचा टॉवेल आप्पांना. शेवटी शिपाईकाकांनी कपाटातून बस्त्याचं फडकं आणलं, दाव्याच्या फायली बांधतात ते, लाल, कडेला शाईचे डाग. खुर्च्या ओढल्या. मी आणि रेवण समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके. मॅडमनी आमच्या हातांवर ते फडकं टाकलं.

त्याचा हात गार पडला होता. आणि ओला.

दहानं सुरू करायचं होतं ना? मी केलंच नाही. हात हाताला लागला आणि मी सरळ त्याची मूठ धरली. पाच. आणि त्याच वेळेला, म्हणजे मी धरतेय तोवर, त्याची बोटं माझ्या मुठीवर आवळलेली. त्याचा पण पाच. एका क्षणात. त्याच्या बापानं बाहेर त्याला काय सांगितलं होतं ते मला नंतर कळलं, "दोननं सुरू कर, पाचाच्या वर जायचं नाही." मी माझ्या कमीत कमीवर, तो त्याच्या जास्तीत जास्तवर, आणि दोन्ही आकडे एकच. त्यानं माझ्या तळव्यावर अंगठा दाबला. मी त्याच्या. सौदा झाला. घड्याळ लावून सांगते, पाच सेकंद लागले नसतील.

आता हात काढायचा आणि आकडा बोलायचा.

मी काढणार होते गं. खरंच. तेवढ्यात त्यानं माझं एक बोट धरलं.

अजून एक मिनिट.

मी वर बघितलं. तो मॅडमच्या मागच्या कॅलेंडरकडं बघत होता, चेहरा असा की जणू फाशीची शिक्षा ऐकतोय. मी माझा चेहरा आप्पांसारखा केला, भुवया वर, ओठ मिटलेले. खाली मी त्याचं एक बोट धरलं. बरं, एक मिनिट.

मिनिट झालं. त्यानं परत एक धरलं. मी परत धरलं. लाल फडकं हलत होतं आणि सगळ्यांना वाटत होतं आत जबरदस्त घासाघीस चाललीय. गुरूकाका पुटपुटले, "हटू नको, रेवण." आप्पा टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "पद्मे, घाई नाही." त्याचा अंगठा माझ्या करंगळीच्या जुन्या खुणेवरून फिरला, पोत्याच्या दाभणानं झालेली, त्याच्यामुळंच झालेली, सातवीत. मी खोकल्याचं निमित्त केलं नसतं तर तिथंच रडले असते. बोलायचं एवढं साठलं होतं आणि बोटांत फक्त आकडे. एक. एक. परत एक.

चार मिनिटं. मॅडमनी घड्याळ बघितलं म्हणून कळलं. त्या म्हणाल्या, "मुलांनो?" त्यांना काय कळलं होतं काय की, कारण अगदी हळू म्हणाल्या.

त्यानं आणखी एकदा बोट धरायला हात हलवला आणि मी माझा काढून घेतला.

"पाच," मी म्हटलं.

"पाच," तो म्हणाला.

आप्पांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की जग सांडला. "बघा मॅडम, चार मिनिटं झुंजली, पण घसरली नाही!" पलीकडं गुरूकाका रेवणला म्हणत होते, "बरं झालं, पाचावर रोखलंस." दोन्ही बाप जिंकलेले. संध्याकाळी आप्पांनी पेढे वाटले. पंधरा दिवसांत कुलूप निघालं, शेवंतामावशीनं दुकानाच्या उंबऱ्याला हळद लावली, आणि त्याच आठवड्यात तेरदाळ्यांचा ट्रक निजामाबादला गेला.

फोन होते गं, आम्ही काय कबुतरं पाठवणार होतो? पहिल्या वर्षी रोज. तो म्हणायचा, "पाच वर्षं झाली की त्याच दिवशी येतो, आप्पांच्या समोर पोत्यावर बसतो आणि तुला मागतो." मी म्हणायची, "रुमाल आण." दुसऱ्या वर्षी रविवारी रविवारी. मी एकदा म्हटलं, मी येते तिकडं. म्हणाला, "बाबांची शपथ आमच्या पायाला आहे, तुझ्या नाही, ये. पण आप्पांना काय सांगून येशील?" गेले नाही. दोन वर्षं गेली होती, तीन काय जातील, असं वाटलं.

अडीच वर्षं झाली असतील आणि गुरूकाकांना झटका आला. उजवी बाजू गेली. सौदे करायचा तोच हात. त्यांचा एकच धोशा, डोळ्यांदेखत सून बघायची. रेवणनं घरात माझं नाव काढलं, तर काकूंनी पदर डोळ्याला लावला, म्हणाल्या, "शपथ मोडून सांगलीत जाणार? यांच्या अशा अवस्थेत?"

त्यानं मला फोन केला. आधी नुसतं काकांच्या औषधपाण्याचं सांगत बसला. मग म्हणाला, "दोन असती ना पद्मे, तर मी आत्ता तिथं असतो."

मी म्हटलं, "पण दोन नव्हतीच ना."

"नव्हतीच," तो म्हणाला.

तिसऱ्या वर्षी त्याचं लग्न झालं. पत्रिका दुकानाच्या पत्त्यावर आली, डाव्या हातानं लिहिलेला वाकडातिकडा पत्ता, आणि पेढीचं नाव जुनंच, अक्किवाटे आणि तेरदाळे. आप्पांनी ती गल्ल्यावर टेकवून ठेवली. गेले नाहीत, पण ठेवली.

इथपर्यंतचं मी सोसलं असतं. नशीब म्हटलं असतं. मुदत गेल्या वर्षी संपली. त्या दिवशी आप्पा सकाळी सातला दुकानात जाऊन बसले, समोरच्या गाळ्याकडं तोंड करून. कोण येणार होतं? गुरूकाकांना उठून बसवायला दोन माणसं लागतात. तरी दुपारपर्यंत बसले. डबा उघडला नाही.

आणि आता दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. एक शेतकरी माल घेऊन आलेला. मी आत येऊन आप्पांना म्हटलं, "तो म्हणतोय याच्याखाली देणार नाही, हा शेवटचा."

आप्पा हसायला लागले. "पद्मे, इतकी वर्षं दुकानात बसतीस आणि अजून माणूस सांगतो तो शेवटचा आकडा खरा धरतीस? शेवटचा आकडा कुणी खरा सांगतं होय? खरा आपण काढायचा असतो."

मी तिथंच थांबले. म्हटलं, "आप्पा, तेव्हाचा पाच?"

"कुठला पाच?"

"कोर्टातला. तुम्ही म्हणाला होतात, पाच म्हणजे पाच."

"ते होय." त्यांनी चष्मा काढला, पुसला. "अगं, तू तिथं घसरणार हे मला माहीत होतं. म्हणून तुला पाचावर बांधलं. म्हटलं पाच सांगितलं की पोरगी दोनवर येईल. मी दोनवर सही केली असती. एकावर पण केली असती. दोन वर्षांत माझा राग राहिला असता होय? बत्तीस वर्षं चटणी खाल्ली त्याच्याबरोबर." मग हसले जरासे. "आणि चार मिनिटं ते फडकं हलतंय, मला वाटलं, गुरुपादचं पोरगं चिवट आहे, आणतंय हिला दोनवर. मी आतून म्हणत होतो, आण बाबा, आण. आणि तू पाच घेऊन उठलीस. मग काय करू? सगळ्यांसमोर शाबासकी दिली."

मी बाहेर गेले. त्या शेतकऱ्याशी मी अर्धा तास हुज्जत घातली, विचार दुकानात कुणालाही. तो शेवटी दोन्ही हात जोडून म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणाल तो भाव." आणि मला सगळ्या पेठेसमोर रडू फुटलं. त्याला वाटलं त्याचंच काही चुकलं.

कळलं का तुला? आकडा खाली येणार होता. एकदा, नुसतं एकदा मी दोन बोटं धरली असती, तर रेवणनं अंगठा दाबला असता, तो तर दोननंच सुरू करणार होता! आप्पांनी पण हूं म्हटलं असतं. चार मिनिटं होती माझ्याकडं. सगळी खोली म्हणत होती घासाघीस कर, बाप म्हणत होता घाई नाही. आणि आम्ही दोघं, हळदीच्या पेठेत जन्मलेली, रुमाल खेळत वाढलेली दोन माणसं, तेवढंच सोडून बाकी सगळं करत बसलो.

पण मुग्धे, ती चार मिनिटं पण मला पाहिजेच होती गं. अजून पाहिजेत. कधीकधी झोपेत माझं एक बोट आपोआप वाकतं.

आता बोल. खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून नको. चौदा महिन्यांनी तो हात हाताला लागलाय, वर लाल फडकं, बाहेर दोन बाप, आणि चार मिनिटं. तू काय केलं असतंस? घासाघीस केली असतीस, की हात धरून बसली असतीस?